अमीबाची पकड

आमांशाचा अमीबा माणसाच्या पेशीला दुरून मारू शकत नाही. पुढचं सगळं पुस्तक या एका वाक्याच्या आधाराने उभं आहे, म्हणून ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. धनुर्वाताचे जंतू पायाच्या जखमेत बसून राहतात आणि त्यांच्या विषाने जबडा आवळला जातो. एंटअमीबा हिस्टोलिटिका या परजीवीला तशी सोय नाही. ज्या पेशीचा जीव घ्यायचा, तिच्यापर्यंत त्याला सरपटत जावं लागतं, तिला अंग लावावं लागतं आणि धरून ठेवावं लागतं. प्रयोगशाळेत ही पकड सोडवता येते आणि सोडवली की पेशी जगते. अमीबा शेजारीच वळवळत असतो, त्याची सगळी हत्यारं शाबूत असतात, तरीही ती जगते.

एवढी साधी गोष्ट कळायला शंभर वर्षं का लागली? 1875 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये फ्योदर ल्योश या डॉक्टरांनी अर्खांगेल्स्ककडून आलेल्या एका तरुण शेतकऱ्याच्या शौचात अमीबांची गर्दी पाहिली. ते अमीबा त्यांनी गुदद्वारावाटे कुत्र्यांच्या आतड्यात सोडले आणि एका कुत्र्याच्या आतड्यात व्रण उमटले. तरीही ल्योश यांनी निष्कर्ष जपूनच काढला: रोग सुरू होतो दुसऱ्या कशाने तरी, अमीबा तो चिघळत ठेवतात. 1883 साली रॉबर्ट कॉख कॉलऱ्याच्या शोधात इजिप्तला गेले, तेव्हा मृतांच्या आतड्यात आणि यकृतात त्यांनाही अमीबा दिसले. 1891 साली बाल्टिमोरच्या काउन्सिलमन आणि लाफ्लर यांनी रोगाचं सविस्तर वर्णन करून टाकलं. आरोपी ओळखला गेला होता. पण तो गुन्हा नेमका कसा करतो, याबद्दल सगळ्यांनी एकच गृहीत धरलं होतं की याच्या अंगातून कसला तरी रस पाझरतो आणि आतड्याचं मांस विरघळतं. व्रणाचे काप पाहिले की ते पटतंही. अमीबाच्या भोवतीचा भाग खरोखरच विरघळल्यासारखा दिसतो.

या गृहीताला धक्का देऊ शकेल असा एक आकडा 1913 पासून सगळ्यांसमोर होता. मनिलाच्या बिलिबिड तुरुंगात वॉकर आणि सेलार्ड्स यांनी 20 कैद्यांना अमीबा खाऊ घातले. कैद्यांनी संमती दिली होती असं त्या काळचे अहवाल सांगतात. परक्या सत्तेच्या तुरुंगात बंद असलेल्या माणसाच्या संमतीला काय अर्थ असतो, ते वाचकाने ठरवावं. त्यातल्या 18 जणांच्या पोटात अमीबाने मुक्काम केला. आमांश झाला फक्त चौघांना. बाकीच्यांच्या आतड्यात तोच अमीबा, त्याच हत्यारांसह, मुकाट्याने राहिला. रस पाझरून मांस विरघळत असेल, तर तो या चौदा जणांत का पाझरला नाही?

यातल्या काही जणांच्या पोटात मुळात दुसरा अमीबा असेल, ही शक्यता आज उघड दिसते. 1925 साली फ्रान्सच्या एमिल ब्रुम्प्ट यांनी तसं म्हटलंच होतं: एंटअमीबा डिस्पार नावाची एक निरुपद्रवी जात आहे, दिसायला अगदी तशीच. दोन्हींमध्ये डोळ्याला फरक दिसत नाही, म्हणून पन्नासेक वर्षं ते कोणी मनावर घेतलं नाही. 1978 साली लंडनमध्ये सार्जंट आणि विल्यम्स यांनी विकरांच्या तपासणीने दोन गट वेगळे केले आणि 1993 साली डायमंड आणि क्लार्क यांनी या दोन जाती आहेत असं रीतसर मांडलं. आपल्याकडे या वेगळेपणाची खबर दवाखान्यांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. महाराष्ट्रात पोटाची कुठलीही जुनी कुरकुर अमीबाच्या नावावर खपवायची रीत आहे. शौचाच्या रिपोर्टवर ‘सिस्ट दिसल्या’ असं छापून आलं की मेट्रोनिडाझोलची पाच-सात दिवसांची चिठ्ठी ठरलेली आणि तोंडाला आठवडाभर धातूची चव. त्या सिस्ट, म्हणजे कवचात बंद झालेले अमीबा, कोणत्या जातीच्या, हे नुसत्या सूक्ष्मदर्शकातून सांगता येतच नाही.

पण जातींचा घोळ सुटला तरी मूळ प्रश्न सुटत नाही. खरा हिस्टोलिटिका पोटात असलेल्या माणसांपैकीही बहुतेकांना काहीच होत नाही. रोग होतो तो दहातल्या एखाद्याला. म्हणजे रोगाचा निकाल लागतो तो अमीबा आणि पेशी यांच्यामधल्या त्या अगदी चिंचोळ्या जागेत.

तिथे पहिल्यांदा नीट लक्ष दिलं ते व्हर्जिनिया विद्यापीठातल्या जोनाथन रॅव्हडिन आणि रिचर्ड गेरंट यांनी. 1981 साली छापून आलेला त्यांचा प्रयोग मला आजही फार देखणा वाटतो, कारण त्यात महागडं असं काही नाही. अमीबा घ्यायचे, चिनी हॅमस्टरच्या बीजकोशातून वाढवलेल्या पेशी घ्यायच्या, दोन्ही एकत्र करून 4 अंश सेल्सियसला ठेवायचं. गारठ्यात अमीबाला मारणं जमत नाही, पण चिकटणं जमतं. एरवी काही मिनिटांत एकमेकांत मिसळून जाणाऱ्या दोन क्रिया थंडीने वेगळ्या होतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बसून मोजायचं, किती अमीबांच्या अंगावर तीन किंवा अधिक पेशी लटकल्या आहेत. आता याच मिश्रणात गॅलॅक्टोज किंवा एन-ॲसिटाइल गॅलॅक्टोसॅमाइन ही साखर टाकायची. चिकटलेल्यांची संख्या घसरते. दुसऱ्या साखरा तितक्याच प्रमाणात टाकल्या तर तसं होत नाही. आणि पुन्हा ऊब दिली, तरी ज्या नळीत गॅलॅक्टोज आहे तिथल्या पेशी वाचतात.

अर्थ स्पष्ट होता. आपल्या पेशींच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांची लव असते, तिची टोकं अमीबा ओळखतो आणि धरतो. मोकळी साखर सभोवार भरपूर असली की त्याची पकडायची जागा तिनेच अडून जाते. साखरेला अशी नेमकी ओळखून धरणाऱ्या प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. अमीबाच्या अंगावर तसं एक लेक्टिन असणार, हा अंदाज 1987 साली खरा ठरला. विल्यम पेट्री आणि सहकाऱ्यांनी ते अमीबातून शुद्ध करून वेगळं काढलं. दरम्यान इस्राएलच्या डेव्हिड मिरेलमन यांच्या गटाने वेगळ्या साखरेला चिकटणाऱ्या लेक्टिनचा पुरावा 1980 मध्येच दिला होता, त्यामुळे काही वर्षं कोणतं लेक्टिन महत्त्वाचं यावर मतभेद राहिले.

तो वाद बऱ्याच अंशी मिटवला तो सेंट लुइसच्या एलन ली आणि सॅम्युअल स्टॅन्ली यांच्या 1988 च्या कामाने. त्यांनी अमीबाला हात न लावता पेशी बदलल्या. हॅमस्टर पेशींच्या काही सदोष जाती आधीच तयार होत्या. त्यांच्यात साखरेच्या साखळ्या विणण्याच्या कामात कुठे ना कुठे बिघाड असतो. एका जातीच्या साखळीत गॅलॅक्टोज बसतच नाही. अमीबा तिला जेमतेम चिकटला. दुसऱ्या जातीत गॅलॅक्टोजवर एरवी झाकण घालणारं सियालिक आम्ल नसतं, त्यामुळे गॅलॅक्टोज उघडं पडतं. तिला तो जास्तच चिकटला. साखर बाहेरून ओतून पकड सोडवणं हा एक पुरावा झाला. पेशीच्या अंगावरची साखर काढून किंवा उघडी करून पकड कमी-जास्त होते, हा त्याहून पक्का.

इथे एक शंका हमखास येते. गॅलॅक्टोज म्हणजे दुधातल्या साखरेचा अर्धा भाग, मग दूध पिऊन अमीबाची पकड सोडवता येईल का? नाही. दुधातलं गॅलॅक्टोज लहान आतड्यातच शोषलं जातं. अमीबा राहतो मोठ्या आतड्यात. आणि तिथवर पोहोचलं असतं तरी सुट्या साखरेचा जोर फार कमी. प्रयोगात पकड सोडवायला शंभर मिलिलिटरमध्ये साधारण ग्रॅमभर साखर लागते. याउलट एकाच प्रथिनावर त्या साखरेचे बरेच रेणू शेजारीशेजारी जोडले, तर लेक्टिन त्याला सुट्या साखरेपेक्षा लाखाच्या पटींत जास्त घट्ट धरतं. पायजम्याला अडकलेली कुसळं एकेक करून सहज निघतात, पण गवतातून चालून आलेला अख्खा पायजमा साफ करायला बसलं की दुपार जाते. पेशीच्या अंगावर साखर अशीच दाटीने असते, म्हणूनच अमीबा तिथे रुततो.

लेक्टिनची रचना थोडक्यात सांगतो, पुढच्या प्रकरणांत ती पुन्हापुन्हा येणार आहे. त्याचे दोन भाग गंधकाच्या बंधाने एकमेकांना जोडलेले असतात. मोठा भाग सुमारे 170 किलोडाल्टन वजनाचा. तो अमीबाच्या पटलातून आरपार जातो, बाहेरच्या टोकाने साखर धरतो आणि त्याची छोटीशी शेपटी आत असते. लहान भाग 31 ते 35 किलोडाल्टनचा आणि पटलात फक्त नांगरलेला. सुमारे 150 किलोडाल्टनचं आणखी एक प्रथिन बंधाशिवायच त्यांच्या सोबतीला असतं. यात मला सगळ्यात विलक्षण वाटते ती आतली शेपटी. पेट्री यांच्या प्रयोगशाळेने 1998 मध्ये अमीबाच्या आत नुसत्या शेपट्याच भरमसाट तयार होतील अशी व्यवस्था केली. बाहेरचं लेक्टिन जागच्या जागी होतं, तरी पकड ढिली पडली. म्हणजे कधी धरायचं आणि कधी सोडायचं, याचा हुकूम आतून येतो. धरूनच राहिला तर अमीबा सरपटणार कसा, हेही उघडच आहे.

आता मोठ्या आतड्यात जाऊ, कारण तिथे अमीबाला पेशी सहजासहजी भेटतच नाही. मध्ये श्लेष्माचा बुळबुळीत थर असतो. हा श्लेष्म मुख्यतः म्यूसिन नावाच्या प्रथिनाचा आणि म्यूसिनच्या अंगावर अमीबाला हव्या त्याच साखरा खच्चून भरलेल्या. क्रिस चाडी यांनी रॅव्हडिन-पेट्री यांच्यासोबत 1987 मध्ये दाखवलं की म्यूसिन लेक्टिनला अतिशय घट्ट बांधून घेतं आणि मग पेशीला चिकटायला अमीबाजवळ मोकळी पकड उरत नाही. आपलं शरीर अमीबाच्या हातात त्याच्याच आवडीची खोटी पेशी देऊन ठेवतं. बहुतेक माणसांत गोष्ट इथेच थांबते. अमीबा श्लेष्माला धरून राहतो, जीवाणू खातो, पुढे सिस्ट होऊन शौचावाटे बाहेर पडतो. त्याच्या दृष्टीने हाच खरा संसार. सिस्ट झाल्याशिवाय दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचता येत नाही आणि आतड्याच्या भिंतीत किंवा यकृतात शिरलेल्या अमीबांना सिस्ट होता येत नाही. रोग ही अमीबाच्याही आयुष्यातली आडवाट आहे. परजीवीला क्रूर वगैरे विशेषणं लावण्याचा मोह म्हणूनच या पुस्तकात टाळला आहे.

काही वेळा मात्र हा थर फाटतो. अमीबा प्रथिनं कापणारी विकरं सोडतो. त्यातलं सिस्टीन प्रोटिएझ 5 म्यूसिनची जाळी जोडलेली ठेवणारा भाग कापतं, जाळी विस्कटते आणि अमीबा भिंतीला भिडतो. जुन्या लोकांनी कल्पिलेला विरघळवणारा रस अशा रीतीने अगदीच खोटा नव्हता. तो वाट मोकळी करतो, पेशींमधला सांधा सैल करतो. पेशी मारण्याचं काम त्याचं नाही.

आणि इथे डिस्पार परत येतो. त्या निरुपद्रवी जातीकडेही गॅलॅक्टोज धरणारं लेक्टिन आहे. तीही चिकटते. तिच्याकडे नाही ते चालू स्थितीतलं सिस्टीन प्रोटिएझ 5. त्याचं जनुक मोडक्या अवस्थेत पडलेलं आहे. तेव्हा ‘चिकटणं म्हणजे रोग’ हे समीकरण पाठ करून कोणी निघाला, तर त्याला इथे थांबवायला हवं. पकडीशिवाय खून नाही, एवढंच खरं. पकड आहे म्हणून खून होईलच असं नाही. पाठ्यपुस्तकांत ही दोन विधानं सर्रास एकमेकांत मिसळलेली दिसतात.

पकडल्यानंतर काय होतं, यावर सगळ्यात जास्त शाई खर्ची पडली आहे. बराच काळ अमीबापोर नावाच्या 77 अमिनो आम्लांच्या छोट्या प्रथिनावर भिस्त होती. हॅम्बुर्गच्या मथियास लायपे यांनी त्याचा कसून अभ्यास केला. हे प्रथिन पटलाला भोकं पाडतं. पेशीत कॅल्शियम वाढतं आणि ती आत्मघाताच्या यंत्रणेने मरते असंही दिसलं. हे सगळं खरं होतं, पण त्यातला अमीबा अजून स्पर्श करून विष टोचणाराच होता. 2014 साली कॅथरीन राल्स्टन यांनी पेट्री यांच्या प्रयोगशाळेत जिवंत पेशींच्या पटलाला चमकणारा रंग लावला आणि त्यांच्यावर अमीबा सोडून पाहिलं. अमीबाच्या पोटात रंगाचे बारीक तुकडे दिसू लागले. पेशी अजून जिवंत होती आणि अमीबा तिचे लचके तोडत होता. पुष्कळ लचके गेले की पेशी मरायची. मेल्यावर त्याने तिच्यावरची पकड सोडली, खाणं थांबवलं. आधीच मेलेल्या पेशी दिल्या तर तो त्यांना अख्ख्या गिळायचा. जिवंत पेशी कुरतडायच्या आणि मेलेल्या गिळायच्या, अशी ही वेगवेगळी वागणूक. ‘नेचर’ या नियतकालिकात हे काम छापून आलं, तेव्हा अमीबाला वीसेक वर्षं ओळखणाऱ्या लोकांनीही आपल्या जुन्या फिती काढून पुन्हा पाहिल्या असतील, असं मला वाटतं.

राल्स्टन यांच्याच गटाने 2019 मध्ये यापुढचं पाऊल टाकलं. कुरतडलेल्या पेशीच्या पटलातली प्रथिनं अमीबा स्वतःच्या अंगावर मिरवतो. मग रक्तातली पूरक प्रथिनं, जी परक्या जंतूला भोकं पाडून मारतात, ती त्याला तितकासा परका मानत नाहीत. आतड्याच्या भिंतीतून रक्तवाहिनीत उतरून, यकृतापर्यंतचा प्रवास तो त्या प्रथिनांच्या देखत कसा करतो, याचं थोडं उत्तर यात असावं. यकृतात मग गळू होतं, तेही बहुतांशी प्रौढ पुरुषांना. त्यातला तांबूस तपकिरी पू ‘अँकोव्ही सॉस’सारखा दिसतो असं वैद्यकाचे विद्यार्थी मुंबईपासून नागपूरपर्यंत तोंडी परीक्षेत घोकून सांगतात. त्यांच्यातल्या किती जणांनी अँकोव्ही नावाचा मासा, त्याच्या सॉससकट, कधी पाहिला असेल?

औषधांबद्दल थोडक्यातच. कुड्याची साल आपल्याकडे आमांशावर फार जुन्या काळापासून वापरात आहे आणि तिच्यातल्या कोनेसिनचा अमीबावर परिणाम होतो हे विसाव्या शतकात तपासलंही गेलं. 1912 मध्ये कलकत्त्याच्या लिओनार्ड रॉजर्स यांनी एमेटिनची इंजेक्शनं देऊन रोगी वाचवले. आजचं मेट्रोनिडाझोल भिंतीतल्या आणि यकृतातल्या अमीबाला मारतं, पण आतड्याच्या पोकळीत उरलेल्यांसाठी वेगळं औषध द्यावं लागतं. यातलं काहीही पकड सोडवत नाही. सगळी औषधं अमीबालाच मारतात. पकडीवरचं औषध अजून नाही.

पकडीवरची प्रतिकारशक्ती मात्र आहे. ढाक्यात मीरपूरच्या वस्तीत रशिदुल हक यांनी पेट्री यांच्या सहकार्याने लहान मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ज्या मुलांच्या शौचात लेक्टिनच्या साखर धरणाऱ्या भागाविरुद्धचे प्रतिपिंड होते, त्यांना पुन्हा अमीबाची लागण कमी झाली. हे प्रतिपिंड आतड्यात स्रवणाऱ्या प्रकारचे, आयजीए. म्हणजे मुलांची शरीरं, कुणी न शिकवता, नेमक्या त्या पकडीवर हात ठेवायला शिकली होती. या कामाचा उल्लेख करताना मला नेहमी वाटतं की आपल्या शहरांतल्या तशाच वस्त्यांत इतक्या चिकाटीने असा अभ्यास व्हायला हवा होता. लस याच लेक्टिनची करावी, हा विचार तेव्हापासून आहे. जर्बिल उंदरांना लेक्टिन टोचलं, तर पुष्कळांना यकृताच्या गळवापासून संरक्षण मिळालं. अडचण अशी की लेक्टिनच्या काही भागांविरुद्धचे प्रतिपिंड पकड सैल करतात, तर काहींविरुद्धचे ती आणखी घट्ट करतात. लस करणाऱ्याला कोणता भाग निवडायचा, हे जपून ठरवावं लागतं.

दुसऱ्या अमीबांना पुस्तकात एकच प्रकरण दिलं आहे. कॉन्टॅक्ट लेन्स नळाच्या पाण्यात धुणाऱ्यांच्या डोळ्याला अकँथअमीबा लागतो. तो बुबुळाच्या पेशीला धरतो मॅनोज या साखरेवरून. नाकातून मेंदूत शिरणारा नेग्लेरिया फाउलेरी अलीकडे केरळमुळे आपल्या वर्तमानपत्रांत आला, पण त्याच्या पकडीचा उलगडा हिस्टोलिटिकाइतका झालेला नाही. प्रकरण म्हणून लहान आहे.

वाचायला लागण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर सांगितलेल्यातला बराच भाग अमीबाच्या एकाच वाणावर बेतलेला आहे. 1967 साली मेक्सिको सिटीतल्या एका आमांशाच्या रुग्णाकडून तो मिळाला, त्याला एचएम-1:आयएमएसएस असं नाव पडलं आणि तेव्हापासून तो जगभरच्या प्रयोगशाळांत जीवाणूंशिवाय, काचेच्या नळ्यांत वाढतो आहे. 2005 मध्ये वाचला गेलेला जनुकसंच त्याचाच. माणसाच्या आतड्यात असं जीवाणूविरहित आयुष्य अमीबाला कधीच मिळत नाही. मिरेलमन यांच्या गटाने दाखवलं होतं की काही जीवाणू स्वतःच मॅनोज धरून अमीबाला चिकटतात, इतरांना अमीबा लेक्टिनने धरतो आणि अशा सोबतीने त्याची पेशी मारण्याची ताकद वाढते. म्हणून पहिलं प्रकरण पेशीपासून सुरू न करता मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंपासून सुरू केलं आहे. अमीबाची पकड आधी त्यांच्यावर बसते.